ऐतिहासिक नाटक : कागदाचे ऋण आणि रंगभूमीचे ऋण



देवस्थानाच्या उत्सवात नाटक करण्याची परंपरा महाजन घराण्यांना नवीन नाही. पौराणिक नाटकात कल्पनेला मोकळीक असते. ऐतिहासिक नाटक लिहू पाहणाऱ्याच्या शिरावर मात्र दोन ऋणे असतात : एक कागदाचे, दुसरे रंगभूमीचे. केवळ कागदाला जागणारा नाटककार शुष्क बखर लिहितो, तर केवळ टाळ्यांना जागणारा इतिहासातील व्यक्तींवर अन्याय करून बसतो. या दोहोंचा मेळ कसा घालावा, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय होय.

याचे उत्तम उदाहरण धारवाडलाच सापडते. कोकणी मातृभाषा असलेले आणि येथील कर्नाटक कॉलेजात शिकलेले गिरीश कर्नाड यांनी १९६४ मध्ये ‘तुघलक’ हे कन्नड नाटक लिहिले. पुढे विजय तेंडुलकरांनी ते मराठीत आणले. महंमद तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादेस नेली आणि चांदीच्या टाक्याच्या मोलाने तांब्याची नाणी चालविली, या गोष्टी इतिहाससिद्ध आहेत. घरोघरी बनावट नाणी पडू लागली, तेव्हा सुलतानाला ती परत घ्यावी लागली. समकालीन इतिहासकार झियाउद्दीन बरनी यांनी हे नोंदून ठेवले आहे. कर्नाडांनी त्या बरनींनाच नाटकातील एक पात्र केले.

मग नाटककाराने स्वतःचे असे काय घातले? अझीझ आणि आझम हे दोन भामटे. ही नावे इतिहासात शोधू नयेत. परंतु सुलतानाच्या उदात्त योजनांचा फायदा लबाड माणसे कशी उठवतात, हे सत्य त्या कल्पित जोडीमुळे डोळ्यांपुढे येते. बरनींच्या ग्रंथात खोट्या नाण्यांचे ढीग तुघलकाबादेस पडून राहिल्याची नोंद आहे. नाटकात ते सुलतानाच्या गुलाबबागेत रचले जातात. जागा बदलली, पण अर्थ बदलला नाही. उलट तरुणपणीच्या स्वप्नांची ती बाग खोट्या नाण्यांखाली गाडली गेल्याने प्रेक्षकाला सुलतानाचे अपयश एका क्षणात उमगते. अनेक वर्षांच्या घटनाही थोड्या काळात बसविल्या आहेत. घडलेले टाळले नाही आणि न घडलेले कोणा ज्ञात व्यक्तीच्या माथी विनाकारण मारले नाही, तर असे स्वातंत्र्य क्षम्य नव्हे, आवश्यकच ठरते.

लिसेवांत शिकलेल्या पिढीला आल्मैदा गार्रेत यांचे ‘फ्रेय लुईश द सौझा’ हे पोर्तुगीज नाटक आठवत असेल. १८४३ मध्ये ते सादर करताना, आपण कालगणनेशी काटेकोर राहिलेलो नाही, हे त्या नाटककाराने लिस्बनच्या कॉन्सर्व्हातोरीपुढे मोकळेपणाने सांगितले. ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ मध्ये पुण्यात रंगभूमीवर आले, तेव्हा तेंडुलकरांनीही ते ऐतिहासिक नाटक नसल्याचे म्हटले होते. तथापि त्यात नाना फडणीस हे खरे नाव असल्याने वादळ उठलेच. खरे नाव घेतले की खुलासा कितीही प्रांजळ असला तरी जबाबदारी संपत नाही, हा त्यातील धडा आहे.

मराठीतील सर्वांत बोलके उदाहरण ‘ध’चा ‘मा’ करण्याचे आहे. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा वध झाला, हे निर्विवाद. पण ‘धरावे’चे ‘मारावे’ करणारा आनंदीबाईंच्या हातचा कागद उपलब्ध नाही. एक अक्षर फिरविले आणि एक राज्य हादरले, यापरते नाट्य कोणते? म्हणूनच ती कथा रंगली, वाक्प्रचारात शिरली, आणि एका स्त्रीवर पुराव्यावाचून कायमचा डाग बसला. रंगभूमीने दिलेला निकाल पुढे कोणतेही न्यायासन फिरवू शकत नाही.

हे सारे महाजन घराण्यांना जवळचे आहे. हुबळी-धारवाडला स्थायिक झालेल्या कोणा तरुणाने उद्या देवांच्या स्थलांतरावर नाटक लिहावयास घेतले, तर त्याच्या हाती काय असेल? कुशस्थळीहून श्रीमंगेश १५६० मध्ये पलीकडे नेण्यात आला. केळोशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास आणि वेरण्याची श्रीमहालसा म्हार्दोळास गेली. १५६७ मध्ये साष्टीतील देवळे पाडण्यात आली आणि त्यांच्या जमिनींच्या नोंदी पोर्तुगीज तोंबांत झाल्या. एवढे ठाम. परंतु रात्री मूर्ती कोणी उचलली, जुवारी ओलांडताना होडीत कोण होते, हे कागद सांगत नाहीत. येथे नाटककाराला वाव आहे. त्याने खुशाल एखादा नावाडी, एखादी वृद्धा निर्माण करावी. मात्र त्या होडीत स्वतःच्याच घराण्याचा मूळपुरुष नावानिशी बसवू नये.

खलनायकाविषयी तर अधिकच जपावे. काही गावकर देवाबरोबर निघाले, काही शेताभाटांसाठी मागे राहिले आणि त्यांनी धर्म बदलला. मागे राहिलेल्यांना फितूर ठरविणे रंगभूमीवर सोपे आहे. पण ते एकाच गावचे, कित्येकदा एकाच कुळाचे होते, आणि त्यांचे वंशज आजही त्याच गावांत नांदत आहेत. दुसरी गोष्ट अशी की, विजापूरच्या ज्या आदिलशाहीने १५६५ मध्ये विजयनगरच्या पाडावात भाग घेतला, तिच्याच अमलाखालील अंत्रुजात या देवांना आसरा मिळाला. हे सत्य कोणत्याही कल्पित प्रवेशाहून अधिक नाट्यमय आहे. ते सोयीसाठी गाळणे म्हणजे इतिहासाबरोबर नाटकाचेही नुकसान. पडदा रंगविणाऱ्यानेही ध्यानात ठेवावे की, कवळ्याचे आजचे घुमटाचे देवालय १७३८ मधले, शाहू छत्रपतींचे मंत्री नारोराम यांच्या काळचे आहे. स्थलांतराच्या प्रवेशात साधी माटोळीच शोभेल.

तात्पर्य, जेथे कागद बोलतो तेथे नाटककाराने ऐकावे. जेथे कागद मुका आहे तेथे कल्पनेने बोलावे. आणि कोणते बोलणे कोणाचे, हे प्रयोगाच्या पुस्तिकेत चार ओळींत छापावे. प्रेक्षकांतील मुले इतिहासाचे ग्रंथ वाचतीलच असे नाही. उत्सवाच्या रात्री पाहिलेले नाटक हाच पुष्कळांचा इतिहास होतो, आणि तोच ती पुढल्या पिढीला सांगतात.