तपासणीनंतरचे आठ दिवस

(जळगाव येथे महिलांच्या एकत्रीकरणात एका स्त्रीरोगतज्ज्ञ भगिनीने केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



रक्तदानाचे आवाहन झाले की आपली कुटुंबे रांगेत उभी राहतात. परंतु घरातील गृहिणीच्या अंगावरून जात असेल, तर तो विषय स्वयंपाकघराच्या उंबरठ्याबाहेर येत नाही. ती दुखणे अंगावर काढते.

गर्भाशयमुखाचा कर्करोग एकाएकी उद्भवत नाही. एचपीव्ही विषाणूच्या संसर्गापासून कर्करोगापर्यंत बहुधा पंधरा-वीस वर्षे जातात आणि तेवढ्या अवधीत त्याला गाठता येते. याचे प्रमाण दूर शोधावयास नको. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत १९९९ पासून १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या रोगाचे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले, हे २००९ मध्ये जगाने मान्य केले.

चाचणीत दोष दिसल्यास गर्भाशयमुखाचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढतात, तीच बायोप्सी. ती सांगितली म्हणजे कर्करोग झालाच, असे नव्हे. तुकडा काढल्याने रोग पसरतो, ही समजूतही निराधार आहे.

त्यानंतर एक-दोन दिवस पाळीसारखी कळ येते, काही दिवस थोडे रक्त जाते. रक्त थांबवण्यासाठी लोहयुक्त औषध लावलेले असल्यास कॉफीच्या चोथ्यासारखा काळपट स्राव जातो. तो पाहून अनेकजणी घाबरतात. घाबरण्याचे कारण नाही. हे पाळीचे रक्त नव्हे, तेव्हा त्यावरून देवघर आणि सोवळ्याची चर्चा तर नकोच. या काळात बाहेरून घडी वापरावी, आत काही ठेवू नये, आतून धुऊ नये. पाण्याचा हंडा, कापसाचे गाठोडे, केळीचा घड काही दिवस दुसऱ्याने उचलावा. डॉक्टर सांगतील तितके दिवस, साधारणपणे आठवडाभर, पतिपत्नींनी संबंध टाळावा. मागच्या रांगेतील बंधूंनीही हे ऐकावे; घरी सांगण्याचा भार तिच्या एकटीवर कशाला?

मात्र तासाभरात घडी पूर्ण भिजू लागली, मोठ्या गाठी पडल्या, ताप १००.४ अंशांवर गेला, स्रावाला दुर्गंधी आली किंवा ओटीपोटातील वेदना वाढतच गेली, तर सकाळची वाट पाहू नये. जळगाव वा धुळ्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठावे. शंकूच्या आकाराचा मोठा भाग काढला असेल, तर गोष्ट वेगळी. तेथे रक्तस्राव तीन-चार आठवडेही रेंगाळतो आणि पथ्यही तितकेच लांबते.

मला खरी काळजी वाटते ती अहवालाची. चोपडा, शिरपूरकडून आलेली भगिनी तुकडा देऊन जाते, रक्त थांबते, तिला बरे वाटते. मग कापसाची वेचणी, मग लग्नसराई, आणि अहवाल कपाटात पडून राहतो. रक्त थांबणे म्हणजे जखम भरणे. आत काय आहे, ते कागदावर असते. रुग्णालयातून निघतानाच अहवालाची तारीख लिहून घ्यावी आणि त्या दिवशी घरातील एकाने तरी तिच्यासोबत यावे.