रोजच्या जगण्यातील धाडस
(युसूफ वडगाव, ता. केज येथे केलेले भाषण)



धाडस म्हटले की डोंगर चढणे, समुद्र ओलांडणे एवढेच डोळ्यांपुढे येते. त्याला पैसा लागतो, सवड लागते. आपल्याकडे दोन्हींची टंचाई. दसरा झाला की कित्येक घरांना कुलूप लागते आणि माणसे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. मग धाडस आपल्यासाठी नाहीच का? आम्हांस तसे वाटत नाही.

२० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेब महाडला चवदार तळ्याचे पाणी प्याले. ओंजळभर पाणी पिणे ही रोजचीच गोष्ट. पण जिथे मनाई होती तिथे ती केली, म्हणून इतिहास घडला. त्याच वर्षी डिसेंबरात महाडलाच त्यांनी आयाबायांना सांगितले, की जातीची खूण ठरणारी लुगडे नेसण्याची रीत आणि ते जड दागिने सोडा. त्यांनी रीत बदलली. लुगडे तेच, नेसणे निराळे. पण तसे नेसून गावातून चालत जायला केवढी छाती लागली असेल!

फलटणच्या बेबीताई कांबळे छोटे दुकान चालवीत. पुड्या बांधायच्या रद्दीचे कागद त्या वाचून काढीत आणि घरच्यांपासून लपवून वर्षानुवर्षे लिहीत. १९८६ साली ते लेखन ‘जिणं आमुचं’ या पुस्तकाच्या रूपाने लोकांपुढे आले.

बँकेच्या काउंटरवर आम्ही पाहिलेला एक प्रसंग सांगतो. पन्नाशीच्या एक बाई आल्या. आम्ही सवयीने अंगठ्यासाठी शाईचा पॅड पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला. “नातीनं शिकवलंय, आता सहीच करणार,” म्हणाल्या. नमुना सही द्यायला बराच वेळ लागला, मागची रांग कुरकुरली. अक्षरे वाकडी आली, पण जाताना मान ताठ होती.

आणि आम्ही? व्यासपीठावरून साध्या विवाहाचा पुरस्कार करणाऱ्या आम्हीच बहिणीच्या लग्नात कर्ज काढून मोठा मांडव घातला. लोक काय म्हणतील, ही एकच भीती. लोक जेवून गेले, विसरले. हप्ते आम्ही फेडले. त्या बाईंएवढेही धैर्य आमच्यापाशी नव्हते, हे कबूल करायला आज लाज वाटते.

विद्यार्थी मित्रांनो, तथागतांनी स्वतःच स्वतःचा दीप व्हायला सांगितले. येत्या बुद्धपौर्णिमेपर्यंत एकच गोष्ट वेगळी करा. आईला सही शिकवा. मुलांनो, घरातला झाडू हाती घ्या. मुलींनो, ग्रामसभेत उभे राहून एक प्रश्न विचारा. पहिल्या दिवशी लोक हसतील. हसू द्या. आठव्या दिवशी ते हसणे थांबेल आणि तुम्ही मात्र पहिले राहिलेले नसाल.

जयभीम! नमो बुद्धाय!