माळ लांबली, पण रक्त तपासले का?



धडगावकडच्या पाड्यांवर कावीळ झाली की गळ्यात माळ घालतात. माळ लांबत जाते, डोळ्यांचा पिवळेपणा उतरतो आणि माळ देणाऱ्याचे नाव होते. मी हसत नाही. दूषित पाण्याची कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपोआपच उतरते. आपणही पिवळेपणा गेला की रविवारी साक्ष देतोच की!

हिपॅटायटीस बीचे तसे नाही. तो रक्तातून पसरतो. एकच सुई अनेकांना टोचली, त्याच सुईने गोंदले, किंवा बाळंतपणात आईकडून बाळाला. कित्येकांना कावीळ दिसतही नाही. माणूस शेतात राबतो, मजुरीला गुजरातेत जातो आणि वीसेक वर्षांनी पोटात पाणी होते. मग गाव म्हणते, मोहाची पीत असेल. दारूने यकृत बिघडतेच. पण आमच्या एका भावाने थेंबही घेतला नव्हता, आणि त्याच्या दफनाच्या वेळी मी हीच कुजबुज ऐकली.

जन्मताना लागण झालेल्या दहा बाळांपैकी सुमारे नऊ जणांत हा विषाणू कायम राहतो. २४ तासांच्या आत लस मिळाली तर बहुतेक बाळे वाचतात. घरच्या बाळंतपणात नेमके तेच तास निघून जातात.

२०१८ पासून सरकारी कार्यक्रमात तपासणी व औषध मोफत आहे. प्रभूनेही दहा कुष्ठरोग्यांना याजकांना दाखवायला पाठवले होते (लूक १७). साक्ष जरूर द्या, आधी रक्त तपासा. आणि यंदाच्या दानातून पहिला खर्च गरोदर बहिणींच्या गाडीभाड्याचा व्हावा, एवढी विनंती.