खुब्याचे काम कमरेच्या गळ्यात



कामगार चळवळीतला माणूस वसंत व्याख्यानमालेत गोल्फ खेळणाऱ्यांच्या कंबरदुखीवर बोलणार, हे पत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. चालकांनाही आले होते. आम्ही सातवीपर्यंत शिकलो. वैद्यकातले जे काही वाचले ते नगरवाचनालयात बसून आणि डॉक्टर मित्रांना छळून. तेव्हा आमचे ऐकून कोणी स्वतःचे औषध स्वतः करू नये, एवढी विनंती आधीच करून ठेवतो.

हा विषय आमच्याकडे एका कॅडीने आणला. गोल्फच्या मैदानावर खेळणाऱ्याच्या काठ्यांची थैली खांद्याला लावून जो माणूस त्याच्यामागे चालतो, तो कॅडी. थैली दहा-बारा किलोंची, कधी अधिक. एक डाव पुरा व्हायचा म्हणजे आठ-दहा किलोमीटरांची पायपीट. एका मैदानावरच्या कॅडींच्या मजुरीच्या अर्जाचे काम आम्ही पाहत होतो. बैठक उठल्यावर एक चाळिशीचा गडी मागे राहिला आणि म्हणाला, "अण्णा, माझ्या साहेबांची कंबर गेली होती. परदेशात जाऊन कुणाकडून तरी कडाकडा मोडून आले, आता खेळतात. माझी बी तशीच जाते. ती विद्या आपल्याकडं कुठं मिळंल?" त्या विद्येचे नावही आम्हांस ठाऊक नव्हते. म्हणून वाचायला लागलो.

प्रथम हे दुखते का, ते पाहू. गोल्फ लांबून पाहिला तर पेन्शनरांच्या फेरफटक्यासारखा वाटतो. पण एक फटका नीट न्याहाळा. पाय जमिनीत रोवलेले, धड उजवीकडे पिळून मागे नेलेले, आणि मग पाव सेकंदात ते सारे डावीकडे सुटते. पटाईत खेळाडूच्या काठीचे टोक त्या वेळी ताशी १८० किलोमीटरांच्या आसपास धावते. प्रयोगशाळेत मोजमाप झाले तेव्हा कमरेच्या मणक्यांवर शरीराच्या वजनाच्या सुमारे आठपट दाब पडताना आढळला.

हा पीळ घ्यायचा कोणी? कमरेचे मणके पाच. पुढेमागे वाकणे हे त्यांचे काम. पिळायला लावले तर पाचही मिळून दहा-पंधरा अंशांच्या पलीकडे जात नाहीत. पिळण्याचे काम खुब्याचे आणि छातीमागच्या मणक्यांचे. खुबा म्हणजे वाटीत बसलेला गोळा. तो चहूकडे फिरतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा पाय फटक्याच्या शेवटी खुंटासारखा उभा असतो आणि सारे धड त्या डाव्या खुब्यावर वळते. आता तो खुबा वयाने, सांध्याच्या झिजेने किंवा दिवसभर खुर्चीत बसून आखडलेला असेल, तर म्हणून काही फटका थांबत नाही. चेंडू मारायचाच असतो. खुब्याने न केलेले काम मग कमरेच्या गळ्यात पडते.

आमच्या गिरणीतल्या जुन्या मंडळींना हे दोन मिनिटांत समजले. खात्यातला एक माणूस रजेवर गेला, बदली दिला नाही, की शेजारचा माणूस त्याचेही साचे सांभाळतो; आणि आठ दिवसांनी अंथरूण धरतो तो हा शेजारचा. कमरेचेही तसेच. ओरडते ती कंबर. खुबा पुष्कळदा गप्प असतो, म्हणून त्याच्याकडे कोणी बघत नाही.

मोठ्या खेळाडूंनाही हे चुकलेले नाही. १९८६ साली वयाच्या ४६व्या वर्षी मास्टर्स स्पर्धा जिंकणाऱ्या जॅक निक्लॉसला १९९९ साली डावा खुबा कृत्रिम बसवावा लागला. टायगर वुड्सच्या पाठीवर २०१४ ते २०१७ या काळात चार शस्त्रक्रिया झाल्या; चौथ्या वेळी कमरेचा शेवटचा मणका खालच्या हाडाशी कायमचा जखडला. त्यानंतर २०१९ साली त्याने मास्टर्स जिंकली खरी, पण पाठ पुढेही शस्त्रक्रिया मागतच राहिली.

आता त्या विद्येकडे येतो. तिचे नाव कायरोप्रॅक्टिक. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ हाताने केलेले काम. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डॅव्हनपोर्ट नावाचे गाव आहे. तेथे डी. डी. पामर नावाचे गृहस्थ हातांनी उपचार करीत. त्याच इमारतीत हार्वे लिलार्ड हा निग्रो झाडूवाला कामाला होता. सतरा वर्षांपूर्वी अडचणीच्या जागी वाकून काम करताना पाठीत काहीतरी सटकले आणि तेव्हापासून ऐकू येईनासे झाले, असे तो सांगे. १८९५ साली पामरने त्याच्या पाठीचा वर आलेला मणका दाबून बसवला आणि ऐकू येऊ लागले, अशी कथा आहे. ऐकण्याची शीर पाठीच्या कण्यातून जातच नाही, म्हणून डॉक्टर ही कथा मानत नाहीत. आम्हीही मानत नाही. पण ज्या विद्येकडे आज गोल्फ खेळणारे धनिक धाव घेतात, तिचा पहिला रोगी एक झाडूवाला होता, हे वाचून आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो.

आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीवरून फिरवून घेतात. आमच्या आईने आम्हांस तसे नेले होते आणि दोन दिवसांनी उसण गेली. श्रेय पायाळूला मिळाले. पुष्कळशी उसण काही दिवसांत आपली आपणच जाते, हे तेव्हा कोणी सांगितले नाही. पामरचेही तेच झाले. एक मणका दाबून बसवला, आणि जवळजवळ साऱ्या रोगांचे मूळ मणक्यात आहे, असे ते म्हणू लागले. परवान्यावाचून धंदा केला म्हणून १९०६ साली त्यांना तुरुंगातही जावे लागले.

मग अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने या लोकांवर बहिष्कार घातला. १९७६ साली चेस्टर विल्क आणि इतर काहींनी खटला भरला, आणि १९८७ साली न्यायालयाने तो बहिष्कार शर्मन कायद्याखाली बेकायदा ठरवला. हा कायदा १८९० सालचा, मक्तेदारांना आवरण्यासाठी केलेला. १९०८ साली मात्र टोप्या बनवणाऱ्या कामगारांच्या संघावर तोच चालवला गेला होता! असो. उपचार गुणकारी आहे की नाही, हा निवाडा काही न्यायालयाने दिला नाही.

तो निवाडा पुढे हळूहळू झाला. सांध्याला झटका देताना जो 'कट्' आवाज येतो, तो हाड जागेवर बसल्याचा नव्हे. सांध्यातल्या द्रवात पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज. बोटे मोडताना हे चित्रात टिपण्याचे काम २०१५ साली झाले. २०१७ साली अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने ताज्या कंबरदुखीला गोळ्यांआधी शेक, मालिश यांबरोबर हाही उपाय करून पाहावा, असे म्हटले. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१६ सालीच सांगितले होते की, हा उपाय करायचा तर व्यायामाच्या जोडीनेच. म्हणजे हात लावून चार दिवस बरे वाटेल. त्या चार दिवसांत खुबा मोकळा करण्याचे कष्ट ज्याचे त्याने घ्यायचे. चांगला कायरोप्रॅक्टर गोल्फवाल्याला टेबलावर निजवून आधी दोन्ही खुबे फिरवून पाहतो, तो यासाठी. मानेला झटका देऊ पाहणाऱ्यापासून मात्र जपून राहावे. क्वचितच होते, पण मेंदूला रक्त नेणारी वाहिनी त्याने फाटू शकते.

एक गोष्ट सांगायला जड जाते. वीसेक वर्षांपूर्वी आमच्या संघातल्या एका हमालाची कंबर पोते उतरवताना गेली. मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरता आली, लघवी अडली. त्याला एका हाडवैद्याकडे नेले. तीन दिवस चोळणे, ओढणे चालले. चौथ्या दिवशी इस्पितळात पोहोचलो तेव्हा सर्जन म्हणाले, ही तासांची गोष्ट होती, तुम्ही दिवस घालवलेत. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला, पण उजवा पाय आजही फरफटतो. त्याला हाडवैद्याकडे नेणारे आम्हीच होतो. मूत्र अडले, बसण्याच्या जागी बधिरता आली, पाय लुळा पडू लागला, की कोणाच्याही हाताखाली न देता थेट इस्पितळ गाठावे, हे आम्हांस त्या दिवशी ठाऊक नव्हते.

त्या कॅडीला आम्ही परदेशी विद्या शोधून दिली नाही. सरकारी इस्पितळातल्या फिजिओथेरपी खात्यात नेले. तेथल्या बाईंनी त्याला उताणा निजवून दोन्ही खुबे फिरवून पाहिले. डावा अर्ध्यावरच अडत होता. वीस वर्षे थैली एकाच खांद्याला, असे तो म्हणाला. बाईंनी चार व्यायाम शिकवले, थैलीला दोन पट्टे लावायला सांगितले, आणि चालत राहा पण पंधरा दिवस ओझे उचलू नका, असे बजावले. तो आमच्या तोंडाकडे पाहू लागला. ओझे नाही त्या दिवशी मजुरी नाही.

मजुरीच्या अर्जात आम्ही एक कलम वाढवले आहे: पाठीच्या दुखण्यासाठी डॉक्टरच्या चिठ्ठीवर पंधरा दिवसांची भरपगारी रजा. क्लबाच्या चिटणिसांचे उत्तर अजून आलेले नाही. व्यायाम तो करतो. परवा भेटला तेव्हा डावा पाय उचलून, खुब्यातून बाहेर वळवून, भर रस्त्यात आम्हांस दाखवीत होता.