फळ येईपर्यंतची वर्षे



१९९० साली रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड राज्यात सुरू झाली आणि वरकस जमिनीवरही आंबा उभा राहिला. पण कलम लावले की आपण लगेच पेट्यांचा हिशेब मांडतो. १० × १० मीटर अंतरावर हेक्टरी १०० कलमे बसतात. पहिली तीन-चार वर्षे त्यांच्याकडून उत्पन्न घ्यायचे नसते. आलेला मोहरही खुडावा लागतो. हा काळ नुसता वाट पाहण्याचा मानला, तर दुसऱ्याच उन्हाळ्यात पाणी घालण्याचा कंटाळा येतो, कलमे वाळतात आणि केलेला खर्च मातीत जातो.

म्हणून या वर्षांचीही गोडी घ्या. दोन ओळींमध्ये भुईमूग, भाजीपाला घ्या. घरखर्चाला हातभार लागेल. आळ्यात गवताचे आच्छादन करा. जोडाखालचे फुटवे वेळच्या वेळी काढा. नवी पालवी केव्हा आली, वहीत लिहा. मुलांना सोबत न्या. बाजारभाव आपल्या हाती नाही; झाडाची निगा आहे. पेटी भरण्याचा आनंद वर्षातून एकदाच मिळेल, वाढत्या बागेचा मात्र रोज घेता येईल.