गोण्या मोजतात तशी माणसं मोजणारे

मी गोदीत हमाली करतो, कविता लिहितो. शिक्षण मॅट्रिक. हा सॉफ्टवेअरवर काय बोलणार, असं काहींना वाटेल. पण मुदत, मुकादम आणि कंत्राट या तिन्ही गोष्टी मला चांगल्या ठाऊक आहेत.

जहाज खाली करायला उशीर झाला की मुकादम दुसरी टोळी लावतो. काम उरकतं. गोणीला शेजारच्या गोणीशी बोलावं लागत नाही ना! सॉफ्टवेअरमध्ये एकाचं लिहिणं दुसऱ्याच्या लिहिण्याशी जुळावं लागतं. दहा माणसांत बोलण्याच्या जोड्या ४५. वीस माणसांत १९०. वर नव्याला शिकवण्यात जुन्याचेच हात गुंततात.

हे मनचं सांगत नाही. आयबीएमनं १९६४ साली सिस्टिम/३६० यंत्रं जाहीर केली. त्यांची ऑपरेटिंग सिस्टिम ऐन भरात हजारावर माणसं राबूनही रखडली. ते काम सांभाळलेल्या फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ च्या पुस्तकात साफ मांडलं, की मागं पडलेल्या कामात माणसं ओतली तर ते आणखी मागं पडतं.

साहेबलोक शिकले काय? काम किती हे कळायच्या आधी तारीख आजही वरच ठरते. मग माणसं कमी पडतात. मस्टरवर नाव न चढवता ती आणायची, तर कंत्राट! अमेरिकन सरकारची विम्याची वेबसाइट बघा, हेल्थकेअर डॉट गव्ह. ६० कंत्राटं, पण सगळ्यांचं काम जुळवायची जबाबदारी कुणा एकावर नीट टाकलेली नव्हती. १ ऑक्टोबर २०१३ ही तारीख पाळली. पहिल्या दिवशी नोंदणी पुरी झाली सहा जणांची!

काम कुठं अडणार हे खालच्याला आधी दिसतं. पण त्यानं बोलावं कुणाशी? त्याचा मालक वेगळा, त्या मालकाला काम देणारा वेगळा. जास्त बोलला तर कंत्राट संपलं. हात हवेत, तोंड नको, असा हा सौदा. मुदत तिथंच बुडते.

तुमच्यातले कितीजण आज ऐरोलीला, हिंजवडीला कंत्राटी बिल्ला लावून बसता. एसीत बसलं म्हणून हमाली सुटत नाही, दोस्त. गोदीत आम्ही युनियन केली तेव्हा मुकादम ऐकायला लागला. तुम्हीही एक व्हा. जिथं तारीख ठरते, तिथं आपली खुर्ची मागा. नाही दिली तर ओढून घ्या.