कोणती सुरक्षा?



संयोजकांनी मला ‘संगणक क्षेत्रातल्या संधी’ हा विषय दिला होता. त्यावर आपली मुलंच आपल्याला जास्त सांगतील. मी बोलणार आहे दोन इंग्रजी शब्दांवर. आपण पाचवीत एबीसीडी गिरवलेली मंडळी. सेफ्टी म्हणजे सुरक्षा आणि सिक्युरिटी म्हणजेही सुरक्षा, असंच आपल्या कानावर आलं आणि अजूनही तसंच चाललंय.

शेंद्र्यातल्या कुठल्याही कारखान्याचं गेट बघा. वर पाटी ‘सुरक्षा प्रथम’, खाली खुर्चीत सुरक्षा रक्षक. पाटीवरची सुरक्षा हेल्मेटची आणि बुटांची. रक्षकाची सुरक्षा गेटपासची आणि पिशव्या तपासण्याची. ४ मार्चला तर गंमतच होते. कामाच्या ठिकाणचे अपघात टाळण्यासाठी काम करणारी राष्ट्रीय सुरक्षा परिषद १९६६ साली त्या दिवशी स्थापन झाली, म्हणून तो राष्ट्रीय सुरक्षा दिन. आपल्या ग्रुपवर मात्र त्या दिवशी सकाळपासून सीमेवरच्या जवानांचे फोटो सुरू! जवानांना सलाम करायला माझी ना नाही, पण तो दिवस वेल्डिंगचा चष्मा लावणाऱ्याचा आहे. पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालची सुरक्षा परिषद वेगळी. मराठीत नाव तेच, मग माणसांनी तरी काय करावं?

अन्नाचंही तसंच. २००६ चा एक कायदा आणि २०१३ चा दुसरा, मराठीत दोन्हीकडे ‘अन्न सुरक्षा’. पहिला भेसळीविरुद्ध, म्हणजे ताटातलं अन्न बाधू नये म्हणून. दुसरा रेशनचा, म्हणजे ताटात अन्न असावं म्हणून. अन्न सुरक्षा अधिकारी हा पहिल्याचा माणूस. त्याच्याकडे रेशन कार्डाची तक्रार नेलीत तर तो तरी काय करणार?

सेफ हा शब्द लॅटिनमधल्या ‘शाबूत, धडधाकट’ या अर्थाच्या शब्दावरून आला. सिक्युअर म्हणजे मुळात ‘काळजीविना’. आपल्याकडे दोन्हींना घरातले शब्द आहेत. गावाहून फोन येतो, “सुखरूप पोचलो.” ते झालं सेफ. दाराला कडी घालून माणूस निर्धास्त झोपतो, ते झालं सिक्युअर. एकात भीती अपघाताची, दुसऱ्यात माणसाच्या वाईट हेतूची.

माझ्या कामात हा फरक रोज भेटतो. गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्ससाठी आंतरराष्ट्रीय मानकंच दोन आहेत, आयएसओ २६२६२ सेफ्टीचं आणि २१४३४ सिक्युरिटीचं. कारण दोन्ही नेहमी एका दिशेला ओढत नाहीत. गाडीचं दार घ्या. चोर आला तर ते काहीही झालं तरी उघडता कामा नये. पण जालना रोडवर टक्कर झाली, एअरबॅग उघडली, तर त्याच दाराचं लॉक आपोआप सुटलं पाहिजे, बाहेरच्या माणसाला आतला माणूस काढता आला पाहिजे. दार एकच आणि लॉकही तेच. कोणत्या क्षणी कोणाचं ऐकायचं, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला आधीच ठरवावं लागतं. ‘सुरक्षा हवी’ एवढ्यावर एक ओळसुद्धा लिहिता येत नाही.

इमारतीच्या दाराचंही तेच आहे. २५ मार्च १९११ ला न्यूयॉर्कच्या ट्रँगल नावाच्या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली. नवव्या मजल्यावरून जिन्याकडे जाणारं एक दार कुलूपबंद होतं. बायकांनी कापड चोरून नेऊ नये, म्हणून. १४६ जीव गेले, बहुतेक तरुण मुलींचे. सिक्युरिटी चोख होती.

आता आपल्या कामाचं बोलते. स्नेहमेळाव्याच्या निधीतून ‘शाळेची सुरक्षा’ करायची असं ठरलंय. यादी मी वाचली: कुंपणाची भिंत, कॅमेरे, खिडक्यांना पक्क्या जाळ्या, मागच्या दाराला मोठं कुलूप. यादी चांगली आहे, संगणक कक्ष झाल्यापासून चोरीची धास्ती आहेच. पण ही सगळी यादी सिक्युरिटीची आहे. बाहेरच्यानं आत येऊ नये, याची. आतल्या मुलांनी बाहेर कसं पडायचं, याची त्यात एकही ओळ नाही. वर्गात साठ मुलं, दार एक, तेही आत उघडणारं. खिडक्यांना पक्क्या जाळ्या बसल्या की तोही मार्ग बंद.

माझं म्हणणं एवढंच, की यादीचे दोन रकाने करा. सेफ्टीच्या रकान्यात वर्गांची दारं बाहेर उघडणारी करणं, आग विझवायची सिलिंडरं वेळच्या वेळी भरून घेणं आणि शाळा भरलेली असताना मागच्या दाराचं कुलूप काढून ठेवणं हे येऊ द्या. रात्री लावा की, कोण नाही म्हणतंय! शिपाईमामांना मात्र हे दोन्ही रकाने समजावून सांगा, कारण किल्ली त्यांच्याकडे असते.

जाळ्यांचं मी विचारून ठेवलंय. प्रत्येक वर्गाच्या एका खिडकीला बिजागरीची, आतून उघडणारी जाळी करून मिळते. पक्क्या जाळीपेक्षा ती थोडी महाग पडते. तो फरक आमच्या तुकडीकडून.